कॅरमवरचा हिरवा ठिपका

मी एक जुना कॅरमबोर्ड आहे, मित्रांनो, पण माझ्याकडे बघून ते तुम्हाला पटकन ओळखू येणार नाही. माझ्या मधल्या वर्तुळावर चहाच्या कपाचा डाग आहे. एका बाजूचं पॉलिश लॅपटॉपच्या गरमीने पांढुरकं पडलं आहे. चार कोपऱ्यांतल्या चार भोकांपैकी एकातून चार्जरची वायर इतकी वर्षं गेली की तिथली कड घासून गेली. खेळण्याच्या वस्तूच्या अंगावर कामाचे वळ कसे उठले, ते तुम्हाला सांगायचं आहे. जरा बसा. घाईत असाल तर आधी बसाच.

माझा जन्म कल्याणच्या एका लहानशा कारखान्यात झाला. सखाराम नावाच्या कारागिराने मला बनवलं. बाभळीच्या लाकडाची चौकट, वर गुळगुळीत प्लायवूड, कोपऱ्यांना सुती जाळ्या. सखारामची एक सवय होती. बोर्ड बाजारात पाठवण्याआधी तो उभा धरायचा, बोटाच्या पेराने मधोमध टकटक करायचा आणि कान लावायचा. बद्द आवाज आला की बोर्ड बाजूला. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "हा बोलका आहे. माणसांच्या घरात जाऊ दे ह्याला." तेव्हा मला त्या बोलकेपणाचा फार अभिमान वाटला होता. त्याचा खरा उपयोग कधी होणार आहे, हे मात्र तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं महिपतने. सगळे त्याला आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. आप्पा ठाण्यातल्या एका कारखान्यात फिटर होता आणि कोपरीत एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचा. कारखान्याचा भोंगा झाला की आप्पाचं काम संपायचं. साहेब समोर उभा असला तरी संपायचं. घरी येऊन तो हातपाय धुवायचा, मला स्टुलावर ठेवायचा, बोरिक पावडर भुरभुरायचा आणि बिल्डिंगमधली माणसं गोळा व्हायची. खेळ रंगला की आप्पाची बायको विमलाबाई आतून विचारायची, "जेवायला येताय, की ती पावडर भाकरीला लावून आणून देऊ?" मग राणी घ्यायची राहिली असली तरी डाव मोडायचा. विमलाबाईपुढे कुणाचं चालत नसे.

आप्पाचा मुलगा विनीत माझ्यावरच खेळायला शिकला. त्याचा हात विलक्षण होता. स्ट्रायकर त्याच्या बोटाला चिकटल्यासारखा वागायचा. गणपतीतल्या स्पर्धेत बापलेक जोडीने जिंकले तेव्हा विमलाबाईने आधी मला हळदकुंकू लावलं आणि मग त्या दोघांना पेढे दिले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान. मला वाटलं, आता जन्मभर असंच चालणार.

पण तसं कुणाचंच चालत नाही. विनीत कॉम्प्युटर शिकला, सॉफ्टवेअर कंपनीत लागला. कोपरीची बिल्डिंग पाडायला निघाली. विमलाबाई गेली. आप्पा निवृत्त झाला आणि सगळं बिऱ्हाड टिटवाळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आलं. तोवर विनीतचं लग्न झालं होतं. त्याची बायको ऐश्वर्या कल्याणच्या एका पतपेढीत काम करते आणि त्यांना अक्षदा नावाची मुलगी आहे. नव्या घरात माझी जागा ठरली ती कपाटामागे, पालींच्या सोबतीला. पाली स्वभावाने वाईट नसतात, पण त्यांना कॅरम येत नाही.

मग ती साथ आली आणि सगळ्यांची ऑफिसं घरात शिरली. विनीतला टेबल हवं होतं आणि दुकानं बंद होती. आप्पानेच मला बाहेर काढलं, पुसलं, आतल्या खोलीत स्टुलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे घे. चार दिवस भागेल." साथ गेली, दुकानं उघडली. विनीत पुन्हा अधूनमधून ठाण्याच्या ऑफिसात जाऊ लागला. पण लॅपटॉप माझ्या अंगावरून काही उतरला नाही.

सुरुवातीला मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांनी अंगावर माणसाचे हात पडत होते. पण हळूहळू मला त्या हातांची काळजी वाटायला लागली. हे हात सकाळी दूधवाल्याच्या आधी यायचे आणि घरातली सगळी निजल्यावरही जायचे नाहीत. सकाळी इकडच्यांच्या मिटिंगा, संध्याकाळी साता समुद्रापलीकडच्या गिऱ्हाईकांच्या. मधल्या वेळात प्रत्यक्ष काम. माझ्या ज्या जाळ्यांत काळ्यापांढऱ्या सोंगट्या पडायच्या, तिथे आता ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पडायला लागली. विनीत मधेच उजवा हात झटकायचा, बोटं उघडबंद करायचा आणि पुन्हा टाइप करायला लागायचा. मुंग्या येत होत्या त्याला. हे त्याच्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

अक्षदा दारातून डोकवायची. "बाबा, ह्याच्यावर खरं कॅरम खेळतात ना?"

"हो गं. हा रिलीज होऊ दे, मग खेळू."

रिलीज म्हणजे तयार झालेलं काम गिऱ्हाईकाच्या हवाली करण्याचा दिवस. मी असे कितीतरी रिलीज अंगाखांद्यावरून गेलेले पाहिले. एक संपायच्या आत दुसरा दारात उभा. अक्षदाला राणी कुठली हेसुद्धा अजून माहीत नव्हतं.

आता त्या ठिपक्याचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. विनीतच्या लॅपटॉपवर त्याच्या नावाशेजारी एक बारीक ठिपका होता. माणूस कामावर असला की हिरवा. थोडा वेळ माउस हलला नाही की पिवळा. पिवळा फार वेळ राहिला की वरून विचारणा व्हायची, कुठे होतास म्हणून. कल्पिता नावाची विनीतची टीम लीड होती. तिच्या मागेही तिचे साहेब असायचे. ती त्याला म्हणायची, "विनीत, काम तू करतोस हे मला माहितीये रे. पण वर फक्त ठिपका बघतात. हिरवा ठेव बाबा."

त्यामुळे झालं काय, तर विनीतला धड जेवताही येईना. एक घास की उठून माउस हलव, दुसरा घास की उठून माउस हलव. शेवटी टीममधल्या कुणीतरी त्याला एक युक्ती सांगितली. टेबल फॅन जवळ ठेवायचा, तो मान फिरवत राहील असा लावायचा आणि त्याच्या जाळीला दोरीने माउस बांधायचा. पंख्याची मान डावीकडे वळली की माउस डावीकडे, उजवीकडे वळली की उजवीकडे. ठिपका हिरवाच्या हिरवा.

दोरी शोधताना घरात हसून हसून पुरेवाट झाली. आप्पाने आपल्या जुन्या पायजम्याची नाडी ओढून दिली. "घे. पायजमा तसाही सैलच झालेला." ऐश्वर्याने गाठ मारली. माझ्या गुळगुळीत अंगावर माउस असा काही सरकायला लागला की विनीत म्हणाला, "आप्पा, कॅरमशिवाय हे जमलंच नसतं." त्या दुपारी तो सगळ्यांबरोबर बसून जेवला, दोनदा आमटी घेतली. मला बरं वाटलं. घराला सुख मिळालं तर एका पंख्याच्या लबाडीला कोण नाव ठेवणार?

पण जेवणाची सोय म्हणून आलेली नाडी तिथेच राहिली, आणि काम मात्र त्या पायजम्याएवढंही सैल झालं नाही. आप्पाने आणखी एक नियम केला. विनीत कामात असला की दाराच्या कडीला नॅपकिन लावायचा आणि नॅपकिन दिसला की कुणी आत जायचं नाही. "पोराला डिस्टर्ब करू नका," तो सगळ्यांना बजावायचा. आप्पाला मुलाचा फार अभिमान. मुलगा घरात आहे आणि आपण त्याला एकटं सोडतो आहोत, हीच त्याला त्याची सेवा वाटायची. बाहेर बसून तो माझ्यावरच्या माउसची घसघस ऐकायचा आणि समाधानाने पेपर उलटायचा.

तो शुक्रवार होता आणि पुन्हा कसला तरी रिलीज होता. अक्षदा शाळेत, ऐश्वर्या पतपेढीत, आप्पा बाहेर कॉटवर. विनीत पहाटेपासून माझ्यासमोर होता. डोकं दुखत होतं म्हणून मधेच तो कपाळ माझ्या चौकटीवर टेकवायचा. कपाळ तापलं होतं. दुपारी त्याने फोनवर कल्पिताला सांगितलं, "जरा पाठ टेकू का? डोळ्यासमोर अंधारी येतेय."

ती म्हणाली, "अरे, आजचा दिवस काढ फक्त. नंतर दोन दिवस झोप, मी कोणालाच फोन करू देणार नाही तुला."

ती दुष्ट नव्हती. तिच्या आवाजातच झोप नव्हती.

विनीतने माउसला नाडी बांधली, पंखा लावला आणि उठून उभा राहिला. त्याने उजवा हात माझ्या कडेला टेकवला. त्या हाताचे मी त्याच्या लहानपणापासून किती फटके झेलले होते, पण असं वजन त्याने कधी टाकलं नव्हतं. बोटं कडेवरून एकेक करत निसटली. तो पलंगाला घासत खाली बसला आणि तसाच आडवा झाला. पडल्याचा आवाजसुद्धा धड झाला नाही.

आणि माउस फिरत राहिला. डावीकडे, उजवीकडे, माझ्या छातीवरून. स्क्रीनवर ठिपका हिरवागार होता. निरोप येत होते. कुणीतरी अंगठा वर केल्याचं चित्र पाठवलं. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण त्या दुपारी मला माझ्या गुळगुळीतपणाची किळस आली. थोडा खडबडीत असतो, तर माउस अडला असता.

बाहेर फोन वाजला. ऐश्वर्याचा होता.

"आप्पा, जेवला का तो?"

"नाही गं. नॅपकिन लागलाय. काम चाललंय त्याचं."

"आवाज येतोय ना?"

"येतोय की. माउस चालूच आहे सारखा."

"मग राहू दे. आज त्याचा रिलीज आहे. ताट झाकून ठेवा."

आप्पाने ताट झाकून ठेवलं. दाराच्या एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मध्ये एक नॅपकिन. असा किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, कारण मला तो फार मोठा वाटला.

टिटवाळ्यात वीज जाते. एरवी सगळे तिला शिव्या देतात. मी मात्र त्या दिवसापासून तिला नावं ठेवत नाही. पंखा मान वळवता वळवता थांबला. माउस थांबला. वायफाय गेलं आणि स्क्रीनवरचा हिरवा ठिपका विझला.

माणूस पडला तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. ठिपका विझल्याबरोबर मात्र फोन सुरू झाले. विनीतचा फोन माझ्यावरच पडला होता, आवाज बंद करून. तो थरथरायला लागला. आणि इथे मला सखाराम आठवला. हा बोलका आहे, असं तो म्हणाला होता ना? मी ती थरथर चौकटीपर्यंत नेली, स्टुलात उतरवली, फरशीला दिली. पंखे बंद होते, फ्रिज बंद होता, घरात दुसरा आवाज नव्हता. मी एखाद्या ढोलकीसारखा घुमत राहिलो. फोन थांबला, पुन्हा लागला. मीही पुन्हा घुमलो.

आप्पा दाराशी आला. "विनीत? फोन घे रे."

त्याने नॅपकिनला हात लावला आणि सोडला. नियम त्याचाच होता. मी पुन्हा घुमलो. तेव्हा तो हळूच म्हणाला, "माउसचा आवाज येत नाही," आणि त्याने दार ढकललं.

त्यानंतर आप्पाने काय काय केलं ते त्याचं त्यालाही नीट आठवत नाही. मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या. विनीत श्वास घेत होता, पण तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि शब्द फुटत नव्हता. फोन अजून वाजतच होता. आप्पाने तो उचलला.

पलीकडे कल्पिता होती. "विनीत, अरे ऑफलाइन का झालायस? सगळे लाइनवर थांबलेत."

"पोरी, मी त्याचा बाप बोलतोय. तो पडलाय इथे. बोलत नाहीये."

ती म्हणाली, "असं कसं, काका? आत्तापर्यंत हिरवा होता तो."

आप्पाने पंख्याकडे पाहिलं. जाळीला लोंबणाऱ्या आपल्या नाडीकडे पाहिलं.

शेजाऱ्यांनी विनीतला खाली नेलं, गाडीत घातलं आणि कल्याणच्या हॉस्पिटलात पोचवलं. पुढचं मी ऐकीव सांगतो. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती. रक्तदाब कधीचा वाढलेला, कुणी मोजलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर आम्ही फार काही करू शकलो नसतो. विनीत वाचला. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं आलं. उजव्या हाताची बोटं मात्र अजून पूर्ण त्याच्या ऐकण्यात नाहीत.

तो घरी आल्यावर कल्पिता भेटायला आली. हातात शहाळी होती. ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली आणि तिची नजर पंख्यावर गेली. नाडी अजून तिथेच होती. कुणाला सोडायचा धीर झाला नव्हता.

"पंखा," ती म्हणाली. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

विनीत ओशाळला. "फक्त जेवायला म्हणून बांधलेला गं."

कल्पिताने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्यावर ठेवलं. काट्यांचं, साधं घड्याळ. "मी ह्याच्यावर ठेवते माउस. सेकंदाचा काटा फिरला की हिरवा राहतो. मुलीला शाळेतून आणायला जाताना." दोघं त्या घड्याळाकडे बघत बसली.

आप्पा दारात उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे तिकडे घड्याळ कामाला, इकडे पंखा कामाला. आणि तुम्ही सगळे एकमेकांचे ठिपके बघत बसलेले." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो पुढे झाला, त्याने जाळीवरची नाडी सोडवली आणि खिशात टाकली. त्या नाडीचं ओझं तो अजून खिशात घेऊन फिरतो, असं मला वाटतं.

कंपनीने विनीतला रजा दिली. आणि लवकर बरा हो अशा चिठ्ठीसोबत एक झकास टेबल आणि गादीची खुर्ची पाठवली. ऐश्वर्या त्या टेबलाकडे बराच वेळ बघत राहिली. "बसायची सोय केली त्यांनी," ती म्हणाली. "उठायची कोण करणार?"

टेबल आलं म्हणून मी सुटलो. आता मी बाहेरच्या खोलीत असतो. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला आहे, म्हणून विनीत संध्याकाळी माझ्यावर स्ट्रायकर मारतो. तोच हात, पण स्ट्रायकर अर्ध्यात थांबतो. अक्षदाला आता राणी कुठली ते माहीत आहे आणि ती बापाला मुळीच सूट देत नाही. पहिल्यांदा एक सोंगटी जाळीत पडली तेव्हा विनीत हसला आणि मग त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. जाळी मात्र आता सोंगट्यांनीच भरते, एवढं मला समाधान आहे.

सगळं ठीक झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. रजा संपली. आतल्या खोलीचं दार पुन्हा लागतं. ठिपका आहे, रिलीज आहेत. कडीला नॅपकिन मात्र नाही. त्याऐवजी घराने नवी रीत पाडली आहे. जाता येता जो तो दार वाजवतो आणि विनीतने स्वतःच्या तोंडाने "आहे" म्हणायचं. ऐश्वर्या वाजवते, आप्पा वाजवतो, अक्षदा तर स्ट्रायकरनेच वाजवते. दिवेलागणीला आप्पा माझ्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो आणि हाक देतो, "विनीत, भोंगा झाला." काही संध्याकाळी विनीत बाहेर येतो. काही संध्याकाळी नुसतं "आलोच" बाहेर येतं.

परवा अक्षदाने दार वाजवलं आणि आतून काही आलं नाही. आप्पा कॉटवरून अर्धवट उठला. ऐश्वर्याचा हात पिठात तसाच राहिला. मग आवाज आला, "आहे गं, बोलत होतो कॉलवर," आणि सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागले. पण आप्पाला बराच वेळ खाली बसता आलं नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर पावडर टाका, मला ओल्या फडक्याने पुसू नका, हे तर आहेच. अडीनडीला लॅपटॉपही ठेवा, मी नाही म्हणणार नाही. पण संध्याकाळ झाली की तो उतरवा. आणि तुमच्या घरात बंद दाराआड कुणी काम करत असेल, तर ठिपक्यावर विसंबू नका, माउसच्या आवाजावर तर मुळीच नको. दार वाजवा, आणि आतून माणसाचा आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.